डोंगर पोखरून पर्यावरण

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागकडे यायला लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक सुरू होतात. निसर्गाच्या कुशीतलं घर, इको व्हिला, ग्रीन होम्स, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यांवर कडी करणारा एक शब्द: सस्टेनेबल. यातला एखादा फलक हमखास डोंगराच्या पायथ्याशी उभा असतो आणि त्याच्या मागे जेसीबीने डोंगर सोलून काढलेला असतो. लाल मातीचा तो ओरखडा पार समुद्रातून दिसतो.

'निसर्गाच्या कुशीत'ची मला फार गंमत वाटते. आमच्या किनाऱ्यावर निसर्ग म्हटलं की लोकांना आधी आठवतं ते ३ जून २०२० चं वादळ. नाव बांगलादेशाने सुचवलेलं, पण बसलं ते आमच्या डोक्यावर. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारे ताशी ११०-१२० किलोमीटरने वाहत होते. एका दुपारीत श्रीवर्धन-दिवेआगरपासून मुरूड-रेवदंड्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली, आणि कित्येक गावांत पुढे महिनाभर वीज नव्हती. ऐन टाळेबंदीत लोक ताडपत्री आणि पत्र्यांसाठी वणवण फिरत होते. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांनी त्याच पावसात पुन्हा लावल्या त्यांच्या पोफळी आत्ता कुठे धरू लागल्या आहेत.

तर मंडळी, हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या एक नकाशा फिरतोय. वाडीतलं जुनं घर, ज्याचं छप्पर त्या वादळात गेलं आणि ज्याच्यावर तेव्हापासून निळे पत्रे आहेत, ते पाडायचं. वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकायचा. आणि त्या पैशातून मागच्या डोंगरावर आपली जी वरकस जमीन आहे तिथे 'सगळ्या कुटुंबासाठी एक सस्टेनेबल घर' बांधायचं. पाच बेडरूम, समुद्राकडे तोंड करून अख्खी काचेची भिंत, सोलर पॅनेल, पावसाचं पाणी साठवणारी टाकी, आणि पुण्याहून आणलेल्या दाबलेल्या मातीच्या विटा. दादाची (मोठा चुलतभाऊ) कल्पना, पुतण्याचा नकाशा. नकाशा दिसायला सुंदर आहे, ते नाकारत नाही. झाडं तर इतकी छान काढली आहेत की त्यातली निम्मी आज जागेवर आहेत आणि घर बांधायला ती तोडावी लागणार आहेत, हे लक्षातच येत नाही.

घरातला वाद चव्हाट्यावर कशाला, असं काहीजण म्हणतील. पण कुटुंबाच्या ग्रुपवर काही लिहिलं की त्याखाली फुलांचे गुच्छ येतात आणि विषय संपतो. इथे निदान सगळे सबंध वाचतात. आणि हा वाद आमच्या एका घरापुरता नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याआधी २०२० मध्ये मांडव्याला गाड्या वाहून आणणारी रो-रो आली. मुंबईहून इकडे येणं सोपं झालं तसे डोंगरउताराचे भाव कुठच्या कुठे गेले. ज्या जमिनीत आमच्या आजोबांच्या काळी वरई-नाचणीशिवाय काही पिकत नव्हतं ती आता 'सी व्ह्यू' म्हणून गुंठ्यावर विकली जाते.

आता मुद्द्यावर येतो. डोंगरावर सपाट जागा नसते. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, पण नकाशा बघताना नेमकं हेच विसरलं जातं. उतारावर सपाट घर बसवायचं तर वरच्या बाजूने डोंगर कापावा लागतो आणि निघालेली माती खालच्या बाजूला ढकलून भराव करावा लागतो. म्हणजे घराच्या मागे एक उभा कडा तयार होतो आणि घराच्या पुढे एक भुसभुशीत ढीग. आपले डोंगर म्हणजे खाली काळा पाषाण, त्यावर कुजलेला मुरूम आणि त्यावर लाल माती. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. ते पाणी माती-मुरुमात मुरतं, खालच्या पाषाणावर अडतं, वरचा थर जड होतो आणि त्याची पकड सुटत जाते. त्या थराला खालून आधार देत असतो तो पायथा, आणि आपण जेसीबी नेमका तिथेच लावतो.

२५-२६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसांना बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. तीनही वेळा जुलै महिना, आणि तीनही ठिकाणं आपल्याच रायगड जिल्ह्यातली. दादा म्हणतो, ती गावं वेगळी, ते सह्याद्रीचे मोठे डोंगर, आपली ही टेकडी. मान्य. पण तळिये काय किंवा इर्शाळवाडी काय, तिथे कुणी पाच बेडरूमसाठी डोंगर कापला नव्हता, पोहण्याचा तलाव खोदला नव्हता. पिढ्यानपिढ्या साधी घरं बांधून लोक राहत होते. काही न करता डोंगर खाली येतो तर त्याचे पाय कापल्यावर तो उभा राहील, हा विश्वास आपल्याला कुठून येतो?

"रिटेनिंग वॉल बांधू" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. नकाशात ती भिंत म्हणजे एक रेघ आहे. प्रत्यक्षात ती दहा-बारा फूट उंचीची, घराच्या सबंध लांबीची, सळया आणि काँक्रीटची भिंत असेल. तिच्यामागे पाणी साचू नये म्हणून दगडांचा थर, पाणी बाहेर पडायला भोकं आणि ती भोकं दर वर्षी साफ करणारा माणूस लागेल. शिवाय वरपर्यंत गाडी जायला रस्ता, आणि त्या रस्त्यासाठी पुन्हा कटाई, पुन्हा भिंत. एक किलो सिमेंट बनताना अर्ध्या किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगभरात माणूस जेवढा हा वायू सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. तेव्हा मातीच्या विटांचं घर बांधून आपण जे काही वाचवणार ते त्या घराला जागा करून देणाऱ्या भिंतीत आणि रस्त्यातच गाडलं जाणार. विटांचा ट्रक खंडाळ्याचा घाट उतरून येणार तो हिशोब आणखी वेगळा.

आणि एक गोष्ट, जी ग्रुपवर कुणीच काढली नाही. आपल्या त्या तुकड्याच्या बरोबर खाली कातकऱ्यांची वाडी आहे. पंधरा-वीस घरं असतील. भराव सुटला, भिंत फुटली, नुसतं पावसाचं पाणी रस्त्याच्या वळणावरून एका बाजूला वळलं तरी ते जाणार कुठे? आपण तेव्हा पुण्यात नाही तर ठाण्यात असणार. घर आपलं, दरड त्यांची! या एका कारणासाठी, बाकी सगळे मुद्दे तुम्ही खोडून काढलेत तरी, माझी सही त्या कागदावर होणार नाही.

समुद्राच्या देखाव्याबद्दलही थोडं. आपला समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे काचेची भिंत पश्चिमेला. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट आत, आणि जून लागला की नैर्ऋत्येचा वारा-पाऊस त्याच भिंतीवर. मग पडदे, मग एसी, मग एसीसाठी जास्त सोलर पॅनेल, आणि ते पॅनेल डोंगराच्या सोंडेवर, जिथे वारा सगळ्यात जास्त. जुन्या लोकांनी समुद्राकडे घराची परसबाजू केली आणि मधे वाडी ठेवली. त्यांना काय सूर्यास्त आवडत नव्हता? आवडत असेल, ते जाऊन किनाऱ्यावर बघत असतील.

डोंगरावर कुणी बांधलंच नाही असं नाही. कनकेश्वर आहे, सागरगड आहे. पण रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रातली तंबी आठवा: गड बांधायचा तर आधी पाणी बघावं, नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून आधी टाकी करावीत. पुतण्याच्या नकाशात पाण्याची टाकी आहे खरी, पण बोअरवेल आधी मारायची आहे. लागलं पाणी तर ठीक, नाही तर टँकर. टँकरने पाणी आणून सस्टेनेबल!

आता दादाचा सगळ्यात जोरदार मुद्दा: "खाली सीआरझेड आहे, वाडीत आता काही बांधता येत नाही." हे अर्धवट ऐकलेलं आहे. १९९१ च्या अधिसूचनेपासून गावांच्या भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटर बांधकाम नको असा नियम होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं असतील तिथे, ते अंतर पन्नास मीटरवर आणलं. बाकीच्यांना दोनशेच राहिलं. आणि त्या पट्ट्यातसुद्धा अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढंच पुन्हा बांधायला वाव ठेवलेला आहे. आपलं घर वाडीच्या रस्त्याकडच्या टोकाला आहे. टेप घेऊन मोजलं तर दोनशे मीटरच्या बाहेरच निघेल असा माझा अंदाज आहे, पण मोजणी करून घेऊ, नकाशावर शिक्का घेऊ. नियम अडचण करतात ते आपल्यासारख्यांची नव्हे. किहीमला नीरव मोदीचा ३३ हजार चौरस फुटांचा बंगला किनाऱ्यावर उभा राहिला, तो मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. त्या बंगल्याच्या मालकाला आणि आपल्या आप्पांच्या पडवीला एकच कायदा लागतो याचा मला तर आनंद आहे.

वाडीची बाजू घेतोय म्हणून मी 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांत बसलो असं समजू नका. तो दुसरा एक उपद्रव आहे. मुंबईहून आलेला पाहुणा पडवीत बसून "किती थंड आहे हो इथे, एसीची गरजच नाही" म्हणतो, आणि त्याच वेळी काकू अंधाऱ्या स्वयंपाकघरात धुरात बसलेली असते. शेणाने सारवलेली जमीन छान, पण सारवत कोण होतं? माजघरात दिवसा दिवा लावावा लागायचा. बाळंतिणीला सगळ्यात काळोखी खोली. संडास वाडीच्या टोकाला, जुलैच्या रात्री छत्री-कंदील घेऊन जायचं. कौलं दर वर्षी परतायची, त्याला घरात चार तरणे हात लागायचे. हे सगळं सांभाळणारी माणसं होती म्हणून ते घर टिकत होतं. ती माणसं आता नाहीत. तेव्हा ते घर जसंच्या तसं बांधा असं म्हणणाऱ्याने आधी आठ दिवस ते सारवून दाखवावं.

(विषयांतर: सलीम अलींनी १९३० च्या सुमारास किहीमलाच सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन आत-बाहेर करून तपासते, पसंत पडला तरच पुढचं काम होतं. नाही पडला तर खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो. आमच्या घरातल्या नकाशावर अजून एकाही बाईचं मत विचारलेलं नाही हे सहज सांगून ठेवतो.)

पण त्या घराला काही गोष्टी कळत होत्या आणि त्या कळायला पैसे पडत नाहीत. न्हाणीचं पाणी केळीच्या बुंध्याशी आणि अळवात जायचं. पाखं उतरती, वळचण खाली ओढलेली, त्यामुळे पावसाची झड भिंतीला लागत नसे. समुद्र, मग सुरू आणि केवडा, मग नारळी-पोफळी, आणि सगळ्यांच्या मागे घर. वारा घरापर्यंत पोचायच्या आत चार ठिकाणी अडायचा. विहीर पाच-सहा पुरुष खोल, त्याहून खोल जायचं नाही असा दंडक. का, ते विचारलं तर "खाली खारं आहे" एवढंच उत्तर. आता त्याचं गणित पुस्तकात मिळतं. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली जवळजवळ चाळीस मीटर गोडं पाणी असतं. वरची पातळी अर्धा मीटर उतरवलीत की खालून वीस मीटर खारं पाणी वर येतं. शेजारच्या दोन फार्महाऊसना बोअर आहेत, तलाव आहेत. आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागायला लागलंय ते का, हे आता निराळं सांगायला नको. पण वाडी विकली तर तिथे तिसरी बोअर येणार, हेही ओघानेच आलं.

स्लॅबवाल्यांनाही उत्तर द्यायला हवं. वादळानंतर गावात अर्ध्या लोकांनी स्लॅब टाकले आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. डोक्यावरचं छप्पर उडताना ज्याने बघितलंय त्याला 'काँक्रीट पर्यावरणाला वाईट' हे सांगायला जाऊ नये. आमची कौलं गेली, वासेही काही गेले, भिंती राहिल्या. शेजारी पत्र्याचं छप्पर कैच्यांसकट उचललं गेलं आणि दोन वाड्या पलीकडे मिळालं. स्लॅबचं घर जागच्या जागी होतं. हे खरं आहे.

पण खाऱ्या हवेत स्लॅब किती वर्षं टिकतो तेही बघा. बाजारपेठेत वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतींखालून जाताना वर मान करून पाहिलं की सळया दिसतात. मीठ काँक्रीटमधून आत जातं, सळई गंजते, गंज सळईपेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पोपडे फुटतात. यावर उपाय नाही असं नाही, आणि तो आयएस ४५६ मध्ये छापलेला आहे: किनाऱ्याच्या हवेत काँक्रीट कमीत कमी एम-३० आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर. आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? पाट्या मोजून माल कालवायचा, खाडीची रेती न धुता वापरायची आणि सळईखाली कव्हरसाठी फुटक्या लादीचा तुकडा ठेवायचा. मग दहाव्या वर्षी गळती, पंधराव्या वर्षी स्लॅबवर पुन्हा पत्रे. कोकणात स्लॅबच्या घरावर पत्र्याचं छप्पर घातलेलं बघून बाहेरचे लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. एकाच घराला दोन छपरांचे पैसे मोजलेत त्या माणसाने.

मग तुझं म्हणणं तरी काय, असं दादाने विचारलंय. तर ते असं.

आहे त्याच जोत्यावर घर बांधायचं. जुन्या भिंतींचा काळा दगड सगळा तिथेच आहे, तो पुन्हा वापरायचा. गांधीजींनी १९३७ साली आदर्श खेड्याबद्दल लिहिताना, पाच मैलांच्या आत मिळेल त्या सामानातून घरं बांधलेली असावीत असं म्हटलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी सेवाग्रामला स्वतः तशा झोपडीत राहायला गेले होते. लॉरी बेकर हा इंग्रज माणूस पुढे केरळात जन्मभर त्या पाच मैलांचा हिशोब सांभाळत घरं बांधत राहिला. आपला दगड तर शून्य मैलांवर आहे. छप्पर कौलारूच, पण दुपाखी नको, चौपाखी हवं. चारही बाजूंनी उतरतं छप्पर वाऱ्याला कमी सापडतं, सपाट तिकोनी भिंत त्याच्या तोंडी येत नाही. उतार तीस अंशांच्या आसपास. वळचण भिंतीच्या बाहेर फार लांब काढायची नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून निराळं ठेवायचं, म्हणजे गेलं तर तेवढंच जाईल. भिंतींच्या डोक्यावर सबंध घराला एक काँक्रीटचा पट्टा, आणि प्रत्येक वासा त्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने आणि बोल्टने जखडलेला. कडेची आणि आढ्याची कौलं तारेने बांधायची. हे नवीन काही नाही, फक्त गवंड्याच्या मागे उभं राहून करून घ्यावं लागतं.

आणि एक खोली स्लॅबची. छोटीशीच, घराच्या मधोमध, संडास-बाथरूमला लागून, वर पाण्याची टाकी. ती मात्र आयएस ४५६ प्रमाणे, धुतलेल्या रेतीची, स्लॅगच्या सिमेंटची. लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग असलेलं सिमेंट मिठापुढे जास्त तग धरतं. पुन्हा निसर्गसारखं काही आलं तर सगळ्यांनी त्या खोलीत बसायचं. कौलं गेली तर जाऊ देत, कौलं शंभर शंभर घेऊन माणूस पुन्हा बसवू शकतो.

पाण्याचं गणित मी कागदावर केलंय. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दोन मीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर. गळती, उडालेलं, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं धरून दीड लाख तरी हाताशी. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांना बारा हजार लिटर पुरतात. बारा हजारांची टाकी म्हणजे सहा फूट बाय सहा फूट, बारा फूट खोल, किंवा त्याच मापाने आडवी. उरलेलं सगळं पाणी विहिरीच्या बाजूला मुरवायचं. डोंगरावर साठवलेलं पाणी आपल्याच नळाला येईल, वाडीत मुरवलेलं पाणी शेजाऱ्याच्याही विहिरीत जाईल. मला हे दुसरं जास्त पटतं, दादाला पटेलसं वाटत नाही.

खोल्या तीन. पाच नाहीत. आपण सगळे मिळून एकत्र राहतो ते गणपतीत आणि मे महिन्यातला एखादा आठवडा. त्या पंधरा दिवसांसाठी बांधलेल्या पाच बेडरूम उरलेले साडेअकरा महिने बुरशी खात बसणार. तेव्हा पडवीत गाद्या घाला की! आपण लहानपणी कुठे झोपत होतो? वर्षभर त्या घरात राहणार आहेत फक्त दोन माणसं. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काकूंचे गुडघे गेलेले. ती दोघं डोंगर चढून वर राहणार, की वाडी विकल्यावर आपण त्यांना ठाण्याला नेणार, हे नकाशावर कुठेच लिहिलेलं नाही.

पुतण्याने मला नांदगावच्या, म्हणजे आपल्या काशिद-मुरूडमधल्या नांदगावच्या, पाल्मायरा हाऊसचे फोटो पाठवले. स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी २००७ मध्ये बांधलेलं, २०१० च्या आगाखान पुरस्काराच्या यादीत गेलेलं. घर खरोखर अप्रतिम आहे. ताडाच्या फळ्यांच्या झडपा, भिंती श्वास घेतल्यासारख्या, तिथल्याच विहिरींचं पाणी. पण अरे बाबा, ते फोटो नीट बघ. ते घर नारळाच्या बागेत आहे, सपाटीवर, झाडांच्या आड. त्यात डोंगर कुठे आहे? तू दाखवलेलं उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतंय. वाडीत असं काहीतरी कर, मी तुझ्या मागे उभा आहे. (फक्त तळ्याचं सोड.)

वाडीचा तुकडा विकायच्या आधी आणखी एक गोष्ट. आपल्या तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला. नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून लोकांनी जमिनी ओसाड टाकल्या, मोळ्या विकल्या, उपाशी राहिले, पण खोतापुढे वाकले नाहीत. कशासाठी, तर कसणाऱ्याच्या हातात जमीन राहावी म्हणून. त्यांच्या नातवंडांनी काय करावं हे सांगणारा मी कोण. पण आपल्या हातातली दोन गुंठे वाडी तिसऱ्या बोअरवाल्याला देऊन त्या पैशाने कातकऱ्यांच्या डोक्यावर घर बांधायचं आणि त्याला पर्यावरणाचं नाव द्यायचं, एवढं तरी करू नये.

पैशाचं म्हणाल तर विकल्याशिवाय सगळं एकदम होणार नाही. होऊ नये. आधी छप्पर आणि ती एक स्लॅबची खोली, पुढच्या वर्षी स्वयंपाकघर, मग बाकीचं. सोलरला सरकारी अनुदान २०२४ पासून तीन किलोवॅटपर्यंत अठ्ठ्याहत्तर हजारांचं आहे, ते सगळ्यात शेवटी, छप्पर एक पावसाळा बघून झाल्यावर.

गणपतीत सगळे जमणार आहात. दादा, नकाशा घेऊन ये, मी टेप आणि दोरी घेऊन येतो. सकाळी जोतं आणि भरतीरेषेचं अंतर मोजू, दुपारी डोंगरावर जाऊन भर पावसात त्या जागेवर उभं राहून बघू पाणी कुठून कुठे जातं ते. आणि त्याआधी काकूंशी बोलून घे. मी फोनवर विचारलं तर त्यांना दोनच गोष्टी हव्यात: पावसात रात्री बाहेर जावं लागणार नाही असा संडास, आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. तुझ्या नकाशात स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. ती रिटेनिंग वॉलसमोर उघडते.